जुन्या फटफटीची गळती



आजच्या भाषणाचा विषय कानांवर पडतांच आपल्यापैकीं कित्येकांस हंसूं आलें असेल. आकाशवाणीवरून काव्य ऐकावें, शेतीची माहिती ऐकावी, निदान हवामान तरी ऐकावें. जुन्या फटफटीच्या गिअरपेटींतून तेल गळतें तें कसें थांबवावें, हें कोणीं ऐकावें? परंतु ज्यांच्या ओसरीवर रोज सकाळीं एक काळा तेलकट डाग उमटतो, आणि त्या डागावरून ज्यांच्या घरांत रोज सकाळीं दोन शब्द बोलले जातात, ते मात्र हंसणार नाहींत. आमच्या राजुऱ्यांत अशीं घरें अजून आहेत.

वर्धा नदी ओलांडून बल्लारपुराहून इकडे आलें कीं राजुऱ्याची हद्द लागते. १९५६ पर्यंत हा तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यांत होता. पुढें तो नांदेड जिल्ह्यांत आला, आणि १९५९ सालीं चांदा जिल्ह्यास जोडला गेला. कागदोपत्रीं तालुक्यानें असे तीन जिल्हे पाहिले, पण नाले, काळी जमीन आणि पहाडाकडे जाणाऱ्या वाटा जागच्या जागींच राहिल्या. या वाटांवर सायकल थके आणि मोटार रुते. म्हणून मद्रासेस १९५५ सालीं एन्फील्ड इंडिया कंपनी निघाल्यावर आणि म्हैसुरास १९६१ सालीं जावा गाड्या तयार होऊं लागल्यावर, ज्याला परवडलें त्यानें फटफटी घेतली. त्यांतल्या कांहीं गाड्या आज नातवांच्या हातीं आहेत. नातू त्या पुसतात, चकचकीत करतात, त्यांचीं छायाचित्रें काढतात. मात्र खालीं वांकून पेटीकडे पाहणारे थोडे.

मी स्वतः या विषयाकडे हौसेनें वळलों नाहीं. पस्तीसएक वर्षांपूर्वींची गोष्ट. वडिलांची बुलेट माझ्याकडे आली होती. तिच्या गिअरपेटींतून तेल गळे, आणि मी आठवण होईल तेव्हां थोडें तेल ओतीत असें. पुढें एका उन्हाळ्यांत गळती आपोआप थांबली. ओसरीवरचा डाग दिसेनासा झाला. कचरा बसून फट बुजली असावी, असा मीं तर्क केला आणि त्या तर्कावर संतुष्ट राहिलों. शाळेंत विज्ञान शिकविणाऱ्या माणसास हा तर्क शोभण्यासारखा नव्हता. गळती थांबली होती, कारण गळण्याजोगें तेलच पेटींत उरलें नव्हतें.

अशा स्थितींत एके दिवशीं पत्नीस मागें बसवून मी गडचांदुरावरून पहाडावर गेलों. चढावर गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्यें कण्हत चढली. परततांना सपाटी लागली आणि चौथ्या गिअरमध्यें ती इतकी सुरळीत चालूं लागली कीं मला तिचें कौतुक वाटलें. एका वळणाआधीं मीं तिसरा गिअर टाकला, आणि त्याच क्षणीं मागचें चाक जागच्या जागीं थांबलें. मीं क्लच ओढला. चाक सुटलें नाहीं. गाडी फरफटत आडवी झाली. माझें ढोपर सोललें, त्याचें कांहीं नाहीं. पत्नीचें मनगट मोडलें, तें आजहि पावसाळ्यांत दुखतें. मागून कोळशाचा ट्रक येत नव्हता, एवढ्यावर आम्ही दोघें वांचलों.

चौथ्या गिअरमध्यें बिनतक्रार चालणारी गाडी तिसरा टाकतांच कां अडकली, आणि क्लच ओढूनहि कां सुटली नाहीं? हें ज्याला उमगलें त्याला गिअरपेटीची गळतीहि उमगली. म्हणून तेथूनच आरंभ करूं.

बैलगाडीचें चाक आपण पाहिलें आहे. आंस स्थिर असतो, चाकाचा तुंबा त्याच्याभोंवतीं फिरतो, आणि दोहोंच्या मध्यें वंगण असतें. आतां अशी कल्पना करा कीं आंसहि फिरत आहे आणि तुंबाहि फिरत आहे, मात्र दोघांचा वेग निराळा आहे. जुन्या ब्रिटिश घडणीच्या गिअरपेटींत हीच व्यवस्था असते. इंजिनाची शक्ति एका लहान चेननें क्लचकडे येते. क्लच एका लांब दांड्याच्या डाव्या टोकावर बसविलेला असतो. हा मुख्य दांडा. तो पेटींत शिरतो. तेथें त्याच्या जोडीस दुसरा दांडा असतो, आणि दोहोंवरील दांतेरी चाकांच्या जोड्या म्हणजेच आपले गिअर. शक्ति मुख्य दांड्यावरून जोडीच्या दांड्यावर उतरते आणि तेथून एका दांतेरी नळीवर परत येते. ही नळी मुख्य दांड्यावरच, त्याच्या डाव्या अंगास, बोटांत अंगठी असावी तशी चढविलेली असते. मिस्त्री लोक तिला स्लीव्ह गिअर म्हणतात. नळीचें एक टोक पेटीच्या भिंतींतून बाहेर येतें, आणि त्या टोकावर मागच्या चाकाची चेन ओढणारें दांतेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट, बसतें. शक्ति ज्या दारानें आंत गेली त्याच दारानें ती बाहेर येते. जातांना मधल्या दांड्यानें, येतांना भोंवतालच्या नळीनें.

पहिल्या तीन गिअरांत दांड्याचा आणि नळीचा वेग निराळा असतो. दोहोंच्या मध्यें कांशाचा बुश असतो आणि घर्षण सारें त्या बुशाच्या वांट्यास येतें. चौथ्या गिअरमध्यें मात्र दांडा आणि नळी परस्परांस थेट जोडलीं जातात व एकजीव होऊन फिरतात; बुशाला कांहींच काम उरत नाहीं. माझ्या गाडीचा कोरडा बुश चढावर तापला, खरवडला, आणि त्याचें कांसें दांड्याला धरूं लागलें. पुढें चौथ्या गिअरमध्यें तें मला कळण्याचा मार्गच नव्हता, कारण तेथें दोघांनीं बरोबर फिरायचें असतें. चिकटून फिरलीं काय आणि न चिकटतां फिरलीं काय, बाहेर फरक दिसत नाहीं. तिसरा गिअर पडतांच दांड्याला एका वेगाचा हुकूम मिळाला, नळीला दुसऱ्या वेगाचा, आणि दोघें तर चिकटलेलीं. दोन गिअर एकाच वेळीं पडावे तसें झालें. पेटी थांबली, आणि पेटीबरोबर चाक. क्लच ओढल्यानें इंजिन आणि पेटी यांची ताटातूट होते, इतकेंच. गांठ पेटीच्या आंत पडलेली असते, ती क्लचनें कशी सुटावी?

आतां गळतीकडे वळूं. नळी जेथें भिंतींतून बाहेर येते तेथें तेलाला दोन वाटा असतात. एक वाट नळीच्या बाहेरून, म्हणजे नळी आणि पेटीची भिंत यांच्यामधून. येथें बेअरिंग असतें आणि त्याच्या बाहेर तेल अडविणारें सील असतें. दुसरी वाट नळीच्या आंतून, म्हणजे नळी आणि मुख्य दांडा यांच्यामधून. ही वाट म्हणजे बुशच होय, आणि पुष्कळ जुन्या पेट्यांत तेथें सील म्हणून कांहीं नसतेंच. केसाच्या जाडीइतकी फट आणि घट्ट तेल, एवढ्याच भरंवशावर कारखानदारांनीं काम चालविलें. इंग्लंडांतील बर्मन कंपनीच्या पेट्यांत तर पातळ तेलाऐवजीं हलकें ग्रीज भरण्याचीच शिफारस असे. पेटी थोडी पाझरणार हें ते जाणून होते. म्हणून पन्नास-साठ वर्षांच्या गाडीखालीं रात्रभरांत एखादा ठिपका पडला तर घाबरून पेटी खोलूं नये. रोजचा ठिपका वाढत जाणें, मागच्या टायरच्या डाव्या कडेवर तेलाची तुकतुकी दिसणें, क्लच घसरूं लागणें, या गोष्टी मात्र उद्यांवर टाकण्याच्या नव्हेत. टायरला लागलेलें तेल वळणावर काय करील हें सांगावयास नको.

गेल्या वर्षीं माझा भाचा अशीच एक जुनी, उजव्या पायाच्या गिअरची बुलेट घेऊन दारीं आला. तो पहाडावरच्या एका शाळेंत शिक्षक आहे आणि हौसेनें तीच गाडी रोज नेतो. "मामा, वर्षांत तीन सीलें बदललीं. दर वेळीं आठ दिवस बरें, मग पुन्हां गळती. आतां विकूनच टाकतों," असें म्हणून त्यानें किल्ली माझ्यापुढें ठेवली. मनगटाची हकीकत त्याच्या मामीकडून त्यानें लहानपणीं ऐकली होती, म्हणून तो आला होता.

सीलें कोणीं बदललीं, तें मीं विचारलें नाहीं. ज्यानें बदललीं त्यानें तेल दिसलें तेथें इलाज केला. परंतु तेल जेथें दिसतें तेथेंच तें निघतें असें नाहीं. चालत्या गाडीचा वारा तेलाला मागें ढकलतो, चेन तें उडविते, आणि थेंब शेवटीं पेटीच्या सर्वांत खालच्या कंगोऱ्यावरून पडतो. म्हणून पहिलें काम पाना उचलण्याचें नव्हे, धुण्याचें. सारी पेटी, तिच्या मागचा कोनाडा, स्प्रॉकेटच्या भोंवतालचा काळा थर, हें घासलेटनें ब्रश लावून धुवावें आणि फडक्यानें कोरडें करावें. नंतर त्यावर खडूची भुकटी झाडावी; मास्तरांच्या घरीं ती फुकट मिळते. मग चार-पांच मैल गाडी चालवून आणावी आणि मधल्या स्टँडवर उभी करून बत्तीच्या उजेडांत पाहावें. पांढऱ्या भुकटीवर तेलाची काळी वाट स्पष्ट उमटते आणि ती वाट वर चढत गेलें कीं उगम सांपडतो.

तेल कोणतें, हेंहि ठरवावें लागतें, कारण फटफटींत तेलें एकाहून अधिक असतात. इंजिनाचें तेल काळें आणि जळकट वासाचें. गिअरचें तेल जाड, पिवळसर, आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. डावीकडच्या चेन-केसमधलें तेल निराळें. एकदां मीं दोन दिवस गिअरपेटीची गळती शोधली, आणि थेंब निघाले चेन-केसच्या पॅकिंगमधून आलेले.

भाच्याच्या गाडीची काळी वाट स्प्रॉकेटच्या मागूनच येत होती. म्हणजे सीलवाल्याचें निदान चुकलें नव्हतें, अपुरें होतें. आमच्या गांवांत एक वयोवृद्ध मिस्त्री आहेत. त्यांना बोलाविलें. त्यांनीं चेन उतरविली, स्प्रॉकेट दोन बोटांच्या चिमटींत धरलें आणि वर-खालीं हलविलें. बारीकसा टक् असा आवाज झाला. "सर, सील किती बी बदलवा, अंदर दांडा हालते तं तेल येनारच जी," ते म्हणाले. निदान पुरें झालें.

सील म्हणजे काय, हें समजल्यावांचून या वाक्याचा अर्थ उलगडत नाहीं. पूर्वीं या जागीं नमद्याची चकती असे. ती तेल पिऊन फुगे आणि जमेल तितकें अडवी. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकांत युरोपांत पातळ ओठाचें सील प्रचारांत येऊं लागलें, आधीं चामड्याचें आणि मग कृत्रिम रबराचें. त्याचा ओठ फिरत्या लोखंडावर हलकाच टेकतो आणि बारीक स्प्रिंगची कडी त्याला मागून दाबून धरते. ओठाची ताकद तेवढीच. लोखंड नीट मध्यावर फिरत असेल तोंवर तो तेल अडवितो. नळी अर्ध्या मिलिमीटरनें जरी डुलूं लागली तरी एका बाजूनें ओठ चिरडला जातो आणि दुसऱ्या बाजूनें उघडा पडतो. नवें सील आठ दिवस टिकतें तें त्याच्या नव्या रबराच्या जोरावर.

नळी कां डुलत होती? बेअरिंग आणि बुश दोन्ही झिजले होते म्हणून. आणि ते कां झिजले? येथें मिस्त्रींनीं भाच्याकडे पाहून चेन उचलून दाखविली. ती तारेसारखी ताणून बसविलेली होती. चेन सैल राहिली तर आवाज करते, म्हणून ती घट्ट करण्याची अनेकांस खोड असते. मागें माणूस बसला, गचका बसला, कीं मागचें चाक वर-खालीं होतें आणि चेनला आणखी लांबी लागते. ती लांबी नसेल तर चेन स्प्रॉकेटला मागें खेंचते, आणि तो सारा ताण नळीच्या बेअरिंगवर आणि बुशावर पडतो. पहाडाच्या रस्त्यावर असे गचके दिवसांतून हजार बसतात. चेनच्या खालच्या बाजूच्या मध्यावर, सर्वांत ताठ जागीं, पाऊण ते एक इंच ढिलाई असली पाहिजे. गळतीचें मूळ असें पेटीच्या बाहेर, चेन ताणणाऱ्या हातांत होतें.

मग पेटी उघडली. डावीकडून चेन-केस, क्लच आणि लहान चेन काढल्यावर स्प्रॉकेट उघडें पडतें. येथें एक सूचना जरूर लक्षांत ठेवावी. स्प्रॉकेटचा नट पुष्कळ गाड्यांवर उलट्या आट्यांचा असतो. सवयीप्रमाणें डावीकडे जोर लावला तर तो सुटण्याऐवजीं आणखी घट्ट होतो, आणि मग छिन्नी-हातोडी बाहेर निघते. छिन्नीनें काढलेल्या नटांचीं बोडकीं शिरें मीं इतकीं पाहिलीं आहेत कीं त्यांचें एक प्रदर्शन भरवितां येईल. नटाच्या आट्या आधीं डोळ्यांनीं पाहाव्या आणि मग पाना लावावा. क्लचचा गाभा दांड्यावर घट्ट बसलेला असतो. तो पुलरनेंच ओढावा, मागून पट्टी घालून उचकटूं नये.

केवळ सील बदलावयाचें असतें तर काम येथेंच संपलें असतें. सील ज्या पोलादी कड्यावर टेकतें त्या कड्यावर आडवें नख फिरवून पाहावें. नख अडकलें तर तेथें खांच पडली आहे असें समजावें; त्या खांचेंत नवें सीलहि गळणार. अशा वेळीं कडें बदलावें, तें न मिळाल्यास सील एक-दोन मिलिमीटर आंत किंवा बाहेर बसवून ओठाला नवी जागा द्यावी. सीलची स्प्रिंगची बाजू नेहमीं तेलाकडे असावी. ओठाला आधीं तेल लावावें, आणि आट्यांवरून सरकवितांना मध्यें गुळगुळीत जाड कागदाची सुरळी धरावी, नाहींतर आट्यांच्या धारेनें ओठ पहिल्याच दिवशीं कापला जातो. ठोकायचें तर सीलएवढ्या व्यासाच्या नळीच्या तुकड्यावर, चौफेर सारखें ठोकावें.

भाच्याच्या गाडीस इतक्यावर भागणारें नव्हतें. उजवीकडचीं दोन्ही झांकणें काढून दांडे, गिअर आणि नळी बाहेर घ्यावी लागली. प्रत्येक चकती कोणत्या क्रमानें निघाली तें भाच्यानें कागदावर चित्रासह लिहिलें आणि सुटे भाग त्याच क्रमानें एका धोतराच्या फडक्यावर मांडले. मिस्त्रींना कागदाची गरज नव्हती. पण त्यांनीं तो जपून ठेवावयास सांगितलें. दांडा मापला. बुश ज्या जागीं फिरतो तेथील आणि शेजारच्या न झिजलेल्या जागेवरील माप जवळजवळ सारखें भरलें, म्हणजे दांडा वांचला होता. तो झिजला असता तर नव्या बुशानेंहि फट राहिलीच असती. नवा बुश चंद्रपुराहून आणविला.

बुशाच्या धातूविषयीं दोन शब्द. हा भाग हाताशीं नसला कीं लेथवर पितळेच्या सळईतून बुश कांतून देणारे कारागीर भेटतात. रंग तोच, चकाकी तीच, आणि किंमत कमी. परंतु कांशांत तांब्याबरोबर कथील असतें, पितळेंत जस्त. आणि अशा भाराखालीं घासून टिकण्याचा गुण कथिलाच्या मिश्रणांत अधिक. बुश फॉस्फर ब्रॉंझचाच घ्यावा. कांतून घ्यावयाचाच झाल्यास आंतील तेलाची खांच बाहेरच्या टोकापर्यंत नेऊं देऊं नये. नेली तर तेलाला आपण स्वतःच पाट काढून दिल्यासारखें होतें. नळींत दाबून बसविल्यावर बुश किंचित् आकुंचित होतो, म्हणून शेवटीं रीमर फिरवून दांडा हातानें सहज फिरेल, पण हलणार नाहीं, इतका मोकळा करावा लागतो. हें काम घाईचें नव्हे. मिस्त्रींनीं त्यास सारी दुपार घेतली आणि मध्यें कोणास बोलूं दिलें नाहीं.

राहिलेल्या लहान गळत्या थोडक्यांत उरकतां येतील. किकच्या दांड्यावर रबराची कडी असते. ती वाळून कडक होते, बदलावी. झांकणांचें पॅकिंग कागदी असतें; झांकणाच्या कडा कांचेवर ठेवून सपाट आहेत कीं नाहीं तें पाहावें, आणि स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीनें आवळावे. चिकट द्रावणाचा जाड थर लावूं नये. दाबला गेला कीं तो आंत लोंबतो आणि तेलाच्या बारीक वाटा बुजवितो. तेल सोडण्याच्या बुचाखालचें तांब्याचें वायसर पुन्हां वापरावयाचें असेल तर लालबुंद तापवून पाण्यांत बुडवावें. लोखंड अशानें कडक होतें, पण तांबें मऊ होतें.

पेटीला श्वास घेण्याचें छिद्र असेल तर तें तारेनें साफ करावें. याकडे कोणी पाहत नाहीं. पेटींतील हवा ३० अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापली आणि तिला वाट नसली, तर तिचा दाब सुमारें एक-षष्ठांशानें वाढतो. तेवढा दाब तेलाला चांगल्या सीलखालूनहि बाहेर काढतो. आमच्याकडे मे महिन्यांत बाहेरचाच पारा ४५ अंशांच्या पुढें जातो, आणि सास्तीच्या खाणींतला कोळसा व गडचांदुरचें सिमेंट वाहणाऱ्या ट्रकांची धूळ सर्व छिद्रांवर बसते. हीच धूळ स्प्रॉकेटमागच्या तेलांत मिसळून सीलच्या ओठाखालीं जाते आणि पॉलिश पेपरासारखी पोलाद घासते. म्हणून स्प्रॉकेटमागचा काळा थर, जो पुष्कळांस संरक्षण वाटतो, तो दर दोन-तीन महिन्यांनीं खरवडून काढावा.

तेल कोणतें घालावें याविषयीं मोठा गैरसमज आहे. एस. ए. ई. ९० असें डब्यावर वाचून तें इंजिनाच्या ५० क्रमांकाच्या तेलाहून जवळजवळ दुप्पट जाड असेल असें वाटतें. वस्तुतः दोन्ही मापनपद्धति निराळ्या आहेत. गिअरचें ९० आणि इंजिनाचें ४० किंवा ५० हीं जाडीनें जवळजवळ सारखींच भरतात. दुसरें असें कीं डब्यावर जी. एल. ४ किंवा जी. एल. ५ असाहि शिक्का असतो. मोठा आंकडा म्हणजे अधिक चांगला, असें समजून जी. एल. ५ घेतलें जातें. त्यांतील गंधकयुक्त द्रव्यें मोटारींच्या कांहीं गिअरांस उपकारक असतात, पण कांशाच्या बुशास तीं खाऊं शकतात. जुन्या फटफटीस जी. एल. ४ घालावें. आणि तें गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून, खुणेच्या बुचापर्यंतच. बाजूच्या स्टँडवर गाडी डावीकडे कलते, तेल सीलकडे धांवतें, आणि जास्त भरलेलें असेल तर रात्रींतून वाट काढतें. अशी गळती मोडून काढण्यास पाना लागत नाहीं.

जावा-येझदीवाल्या श्रोत्यांस एक वेगळा इशारा. तुमच्या गाडींत पेटीचें तेल जमिनीवर न पडतां नाहींसें होऊं शकतें. डावीकडचें क्रँकचें सील फाटलें कीं दोन-स्ट्रोक इंजिन तें तेल शोषून जाळतें, आणि मागें पांढऱ्या धुराचा लोट निघतो. ओसरी स्वच्छ, म्हणून पेटी भरलेली आहे, असें तुम्हीं तरी समजूं नये.

भाच्याची गाडी चौथ्या दिवशीं जोडून झाली. काढलेलें काळें तेल मिस्त्रींनीं मातींत ओतूं दिलें नाहीं. गोठ्याच्या खांबांस वाळवी लागूं नये म्हणून डब्यांत भरून घरीं नेलें. प्रथम गाडी पन्नास किलोमीटर सावकाश चालवून तेल पुन्हां पाहिलें. त्यांत कांशाची बारीक सोनेरी झांक होती, ती नवा बुश बसतांना येतेच. तें तेल बदललें. स्प्रॉकेट पुन्हां चिमटींत धरून हलविलें. टक् आवाज झाला नाहीं. मग भाचा मामीस म्हणाला, "चला मामी, गडचांदुरापर्यंत चक्कर मारून येऊं." तिनें मनगट चोळीत माझ्याकडे पाहिलें, मीं मिस्त्रींकडे पाहिलें, आणि मिस्त्रींनीं मान हलविली. ती गेली.

दोघें संध्याकाळीं परत आलीं. गाडी ओसरीवर लावून तिच्याखालीं वर्तमानपत्राचा एक कोरा तुकडा पसरला. सकाळीं त्यावर एक ठिपका होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. मिस्त्रींना दाखविला. त्यांनीं तो बोटानें पुसला, वास घेतला, आणि म्हणाले, "हे चेनचं तेल आहे जी."